हँडल, सेल्फ आणि धक्का

"चालू होत नाहीये." आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य बहुधा हेच असेल. सर्व्हर असो, बिल्ड असो, नाहीतर कोपऱ्यातला प्रिंटर. पलीकडचा माणूस एवढंच सांगतो आणि मोकळा होतो. मग आपला पहिला प्रश्न ठरलेला : चालू होत नाहीये म्हणजे नक्की काय होतंय? स्क्रीन काळी आहे? एरर येतेय? की चालू होऊन लगेच बंद पडतंय?

गाडीचंही तसंच आहे. "गाडी स्टार्ट होत नाहीये" या एका वाक्याखाली पाच-सहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. म्हणून चांगला मेकॅनिक फोनवर पहिल्यांदा काय विचारतो, तर "सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो?" मागचे काही शनिवार मी या सगळ्या प्रकरणाचा इतिहास वाचत बसलो होतो आणि एक गंमत लक्षात आली. गाडी स्टार्ट करण्यातली एकेक अडचण दूर करायला कोणीतरी एकेक नवीन भाग शोधून काढला, आणि पुढे गाडी स्टार्ट न होण्याचं कारण बऱ्याचदा तोच भाग ठरला. म्हणजे हा इतिहास नीट समजला की स्टार्टिंगचा प्रॉब्लेम कुठे शोधायचा हेही आपोआप समजतं. आज तेच करून बघू. फक्त पेट्रोलची, गिअरवाली म्हणजे मॅन्युअल गाडी धरू. डिझेलचा संसार वेगळा आहे.

सुरुवात एका बाईपासून करावी लागेल. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे निघाली. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. मोटारीने एवढा लांबचा प्रवास तोवर कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळून काम भागवलं. इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख नावाच्या गावात औषधाच्या दुकानातून लिग्रॉईन विकत घेतलं (पेट्रोल पंप हा प्रकार अजून जन्माला यायचा होता). जगातली पहिली लांब पल्ल्याची ड्रायव्हर आणि पहिली रोडसाइड मेकॅनिक ही एकच व्यक्ती होती!

बर्थाबाईंनी जे दोन बिघाड दुरुस्त केले ते नीट बघा. नळी म्हणजे इंधन, वायर म्हणजे ठिणगी. पेट्रोलचं इंजिन चालू व्हायला तीनच गोष्टी लागतात. कोणीतरी ते बाहेरून फिरवायला हवं, आत हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण जायला हवं, आणि योग्य वेळेला ठिणगी पडायला हवी. आजच्या गाडीत पंधरा कॉम्प्युटर असले तरी ही यादी बदललेली नाही. प्रॉब्लेम शोधायचा म्हणजे या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते शोधायचं.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात विचित्र आहे. वाफेचं इंजिन वाफ सोडली की आपलं आपण फिरतं. विजेची मोटर करंट दिला की फिरते. पेट्रोल इंजिनला मात्र आधी मिश्रण आत ओढायचं असतं, मग ते दाबायचं असतं, आणि मग कुठे स्फोट होऊन ताकद मिळते. म्हणजे कमवायला लागण्याआधी दोन खर्च. हे भांडवल बाहेरून द्यावं लागतं. बेंझच्या गाडीत मागचं मोठं फ्लायव्हील हाताने फिरवायचे. पुढे इंजिन मोठी झाली तसं पुढून हँडल घालून फिरवायची पद्धत आली. जुन्या हिंदी-मराठी पिक्चरमध्ये गाडीसमोर वाकून घाम गाळणारा माणूस दिसतो ना, तेच ते हँडल.

हँडल मारणं हे नुसतं मेहनतीचं काम नव्हतं, धोक्याचं होतं. ठिणगी वेळेआधी पडली तर स्फोट पिस्टनला उलटा ढकलतो आणि हँडल उलट्या दिशेने जोरात फिरतं. मनगट, अंगठा, कधी जबडा. मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला ऑर्थोपेडिकच्या पुस्तकांत आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. (आणि हा 'शोफर' शब्द तरी काय, फ्रेंचमध्ये मूळ अर्थ भट्टी तापवणारा. म्हणजे गाडी चालवणाऱ्याचं नावच गाडी चालू करण्याच्या कामावरून पडलेलं आहे.) त्यामुळे हँडल मारायचे नियम ठरलेले होते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत हँडल आवळायचं नाही. नेहमी खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये ठिणगीची वेळ मागेपुढे करायला स्टिअरिंगजवळ एक दांडी असे. हँडल मारण्याआधी ती दांडी मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. विसरलात तर हात गेला. थंडीत तर गाडीतलं ऑइल इतकं घट्ट व्हायचं की क्लच पूर्ण सुटायचा नाही आणि इंजिन चालू झाल्या झाल्या गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर यायची. त्यावर लोकांचा उपाय म्हणजे मागचं एक चाक जॅकवर उचलून ठेवायचं!

त्या काळी विजेच्या गाड्याही होत्या, आणि बऱ्याच लोकांना त्या आवडायच्या, कारण बटण दाबलं की चालू. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या कंपनीची विजेची गाडी चालवायची. घरात लाखो पेट्रोल गाड्या बनवणारा नवरा असताना! हँडलचा जाच किती असेल याचा याहून मोठा पुरावा नको.

हा जाच संपवणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स केटरिंग. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याचा बायरन कार्टर नावाचा एक मित्र होता. रस्त्यात एका बाईची बंद पडलेली गाडी चालू करून देताना हँडल उलटं बसलं, जबडा मोडला आणि त्यातच पुढे न्यूमोनिया होऊन तो गेला, म्हणून लेलँडने चंग बांधला, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. या गोष्टीला थोडा मीठमसाला लागलेला असावा, कारण कार्टर गेला १९०८ मध्ये आणि कॅडिलॅकमध्ये सेल्फचं काम जोरात सुरू झालं ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. पण हँडलने माणसं जायबंदी होत होती यात शंका नाही.

केटरिंग त्याआधी ओहायोतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचं ते यंत्र हाताने दांडा फिरवून चालायचं, त्याला त्याने छोटी विजेची मोटर बसवली होती. मोटारीच्या बाबतीत तज्ज्ञांचं म्हणणं होतं की इंजिन फिरवायला जवळजवळ इंजिनाएवढीच मोटर लागेल, आणि तिला पोसायला भलीमोठी बॅटरी. केटरिंगला गल्ल्यावरून एक गोष्ट माहीत होती. मोटर सतत चालवायची असेल तर तिला झेपेल एवढाच करंट द्यावा लागतो. पण काम दोन-चार सेकंदांचंच असेल तर छोट्या मोटरीवर तिच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकला तरी चालतो. जळण्याएवढी गरम व्हायच्या आत तिचं काम झालेलं असतं. फेब्रुवारी १९११ मध्ये त्याने हे कॅडिलॅकवर चालवून दाखवलं आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये सेल्फ स्टार्टर आला. केटरिंगच्या त्या रचनेत एकच यंत्र मोटर म्हणून इंजिन फिरवायचं आणि नंतर जनरेटर म्हणून बॅटरी चार्ज करायचं. (२०१५ मध्ये मारुतीने सिआझला 'स्मार्ट हायब्रिड' म्हणून जो आयएसजी बसवला त्यातही कल्पना हीच, स्टार्टर आणि जनरेटर एकात.)

आता गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ना, की सेल्फ एका वेळी पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा, त्याचं कारण हे आहे. ती मोटर मुळातच ओव्हरलोडवर चालायला बनवलेली आहे. गाडी उठत नाही म्हणून चावी धरून गरागरा मिनिटभर सेल्फ मारणारे लोक बघितले की मला केटरिंग आठवतो. त्या नादात सेल्फही जातो आणि बॅटरीही. म्हणजे एक प्रॉब्लेम घेऊन आलात, तीन घेऊन गेलात.

हँडल गेलं, पण त्याच्या जागी बॅटरीवरचं अवलंबून राहणं आलं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये बनवली, आणि आजही बॉनेट उघडल्यावर दिसणारी बॅटरी त्याच घराण्यातली आहे. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरहून जास्त करंट ओढतो. हेडलाइटच्या दोन्ही बल्बना मिळून दहा अँपिअरसुद्धा लागत नाहीत. म्हणूनच "लाइट तर लागतायत, मग बॅटरी कशी उतरेल?" हा प्रश्न चुकीचा आहे. लाइट लावणं हे चहाचा कप उचलण्यासारखं आहे, सेल्फ मारणं म्हणजे गॅसचा सिलेंडर तिसऱ्या मजल्यावर नेणं.

तर तपासाची पहिली पायरी म्हणजे हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा.

लाइट मुळात लागतच नाहीत : बॅटरी पार रिकामी किंवा टर्मिनल सुटलेलं.

लाइट लागतात पण सेल्फ मारल्यावर एकदम मंद होतात, नुसतं टकटकटक ऐकू येतं किंवा इंजिन रडत रडत फिरतं : बॅटरी कमजोर, किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमलाय, किंवा बॉडीची अर्थिंगची वायर सैल आहे. नवी बॅटरी आणायला धावण्याआधी टर्मिनल काढून घासून घट्ट करा. मल्टिमीटर असेल तर बघा : रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या खाली गेली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर म्हातारी झालीय असं समजा.

लाइट झगझगीत राहतात आणि एकच 'टक' होतं किंवा काहीच होत नाही : बॅटरी निर्दोष. दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वायरिंगमध्ये.

सेल्फ भिर्रर्र करून फिरतो पण इंजिन हलत नाही : सेल्फचं छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाहीये.

हा शेवटचा प्रकार म्हणजे केटरिंगनंतरचं प्रकरण. सेल्फचं चाक फक्त सुरू करताना फ्लायव्हीलमध्ये अडकायला हवं आणि इंजिन चालू झाल्यावर लगेच सुटायला हवं, नाहीतर इंजिनच सेल्फला गरगर फिरवून मारेल. व्हिन्सेंट बेंडिक्स याने १९१० च्या दशकात यावर सुंदर युक्ती काढली. मोटरच्या दांड्याला आटे, त्यावर ते चाक. मोटर झटक्यात फिरली की चाक स्वतःच्या जडपणामुळे मागे राहतं, आट्यांवरून पुढे सरकतं आणि दात्यांत बसतं. इंजिन वेगात आलं की उलटं सरकून बाहेर. पण कधी कधी ते दात्यांत अडकून बसायचं, आणि मग 'टक' होऊन सगळं शांत. त्यावर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय असा की चावी बंद करायची, टॉप गिअर टाकायचा आणि गाडी पुढे-मागे हलवायची. चाकांमधून गिअरबॉक्स, गिअरबॉक्समधून फ्लायव्हील थोडंसं हलतं आणि अडकलेला दात सुटतो. हे फक्त मॅन्युअल गाडीतच शक्य आहे, कारण तिच्यात चाक आणि इंजिन यांच्यात लोखंडाचा सरळ संबंध जोडता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता समजा इंजिन मस्त फिरतंय पण पेट घेत नाहीये. म्हणजे पहिला आरोपी सुटला, राहिले दोन : ठिणगी आणि पेट्रोल. इथे आपल्याला मुंबईत कुर्ल्याला यावं लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. पन्नासच्या दशकात तिथे फियाट ११०० जुळवायला सुरुवात झाली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. (लोक मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.) मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे ती. कोणतीही पद्मिनी टॅक्सी म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल यांची चालतीफिरती शाळा होती.

ठिणगीची व्यवस्था पुन्हा केटरिंगचीच. सेल्फच्या आधी, १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांची जी रचना केली, तिचाच वंशज पद्मिनीत होता. पॉइंट उघडले की कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि डिस्ट्रिब्यूटर ते पाळीपाळीने एकेका प्लगला वाटतो. पॉइंट जळाले, त्यांच्यातली फट कमी-जास्त झाली की गाडी उठत नसे. मग टॅक्सीवाला टोपण काढायचा, पॉलिश पेपरचा तुकडा पॉइंटमधून दोनदा फिरवायचा, फट अंदाजाने जुळवायचा की झालं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल गेली की वीज प्लगकडे जायच्या ऐवजी ओल्या बाजूने पळ काढायची. त्यावर औषध एकच, कोरडं फडकं. उलट मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये तापलेल्या इंजिनाजवळच्या पंपात आणि नळीत पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि पंप ती ढकलू शकायचा नाही. यावर औषध ओलं फडकं, पंपावर ठेवायचं आणि दहा मिनिटं चहा प्यायचा. जुलैत कोरडं, मे महिन्यात ओलं. एवढ्या दोन फडक्यांवर कितीतरी लोकांचा धंदा चालला.

आणि चोक. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून हवा कमी करून मिश्रण दाट करायचं, त्यासाठी डॅशबोर्डवरचा चोक ओढायचा. पण जास्त ओढला, सेल्फ जास्त मारला, की पेट्रोल 'ओव्हर' व्हायचं, प्लग भिजायचे आणि ठिणगी असूनही पेट घ्यायचा नाही. नाकाला पेट्रोलचा भपका आला की समजायचं. उपाय म्हणजे चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा जाऊन आतलं कोरडं होतं. मजा अशी की आजच्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांतही ही सोय प्रोग्रॅम करून ठेवलेली आहे. पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा जाऊ देतो. ड्रायव्हरांच्या पायातलं शहाणपण कोणीतरी कोडमध्ये लिहिलं.

मग चोक आणि पॉइंट गेले कुठे? इथे केटरिंग तिसऱ्यांदा येतो, पण हिरो म्हणून नाही. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा तो प्रमुख असताना त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने डिसेंबर १९२१ मध्ये शोधून काढलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड टाकलं की इंजिनातली 'नॉकिंग' थांबते. पुढची पाऊणशे वर्षं जगभरच्या गाड्या शिसं ओकत राहिल्या. धूर स्वच्छ करायला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला तेव्हा शिशाला जावंच लागलं, कारण शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसंविरहित पेट्रोल झालं. कन्व्हर्टरला हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी तोलून मापून लागतं, साधारण १४.७ ला १. कार्बुरेटरला ते जमत नाही. म्हणून इंजेक्शन आलं, सेन्सर आले, कॉम्प्युटर आला. १९८३ च्या डिसेंबरात कार्बुरेटर घेऊन आलेली मारुती ८०० सुद्धा २००० च्या सुमारास एमपीएफआय झाली. चोकची खुंटी गेली, डिस्ट्रिब्यूटर गेला, आणि फडक्याने बरे होणारे आजारही गेले.

नवे आले, ते असे. चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पेट्रोलचा पंप. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकत असेल आणि गाडी उठत नसेल किंवा उठून लगेच बंद पडत असेल तर इमोबिलायझर. चावीतली चिप कॉम्प्युटरला ओळखू येत नाहीये. युरोपात चोऱ्या थांबवायला १९९८ मध्ये हे सक्तीचं झालं आणि मग सगळीकडे पसरलं. दुसरी चावी वापरून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच पडून असेल तर क्रँकशाफ्टच्या सेन्सरवर संशय घ्या. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नसेल तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. आणि मॅन्युअलवाल्यांसाठी खास : आता बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. पेडलच्या वर एक इवलासा स्विच असतो. पायाखालची मॅट सरकून पेडलखाली गेली, किंवा त्या स्विचला टेकणारं रबर झिजून पडलं, की दहा लाखांची गाडी मढ्यासारखी गप्प. आधी मॅट बघा, मग टोइंगवाल्याला फोन करा.

आता तो लोखंडाचा सरळ संबंध. सेल्फ लागत नाही आणि गाडी मॅन्युअल आहे, तर हँडलचा एक वारस अजून शिल्लक आहे : धक्का. चावी ऑन (नाहीतर स्टिअरिंग लॉक व्हायचं), क्लच दाबलेला, गिअर दुसरा, गाडी धावत्या माणसाच्या वेगाला आली की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनाने पेट घेतला की पुन्हा दाबायचा. चाकं इंजिनाला फिरवतात, म्हणजे हँडल मारणारी माणसं पुढून मागे गेली एवढंच. दुसरा गिअर का? पहिल्यात चाकांना इंजिन फार वेगात फिरवावं लागतं, त्यामुळे गाडी गचका खाऊन थांबते किंवा चाकं घसरतात. ऑटोमॅटिकमध्ये हे जमत नाही, कारण तिथे इंजिन आणि चाकं यांच्यात ऑइलचा दाब असतो आणि तो दाब इंजिन चालू असल्याशिवाय तयारच होत नाही.

मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर आमच्या पुण्याच्या सोसायटीत एकेक गाडी बाहेर काढायला सुरुवात झाली तेव्हा निम्म्या गाड्यांच्या बॅटऱ्या बसलेल्या होत्या. उभी गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर यांना थोडा थोडा करंट देत राहते, दोन-तीन महिन्यांत बॅटरी संपते. शेजारचे काका (वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर फियाट) मास्क लावून खाली आले आणि आम्हा चार इंजिनिअरांना धक्का कसा मारायचा ते शिकवलं. "अरे, क्लच सोड म्हटल्यावर सोडायचा, विचार नाही करायचा!" तीन गाड्या उठल्या. चौथी उठली नाही, आणि कारण महत्त्वाचं आहे. तिची बॅटरी पूर्ण मेलेली होती. फियाटच्या पंपाला इंजिनच फिरवायचं, तिला जेमतेम कॉइलपुरता करंट पुरायचा. इंजेक्शनच्या गाडीत पंप विजेचा आणि कॉम्प्युटर विजेचा. बॅटरी अशक्त असेल तर धक्क्याने भागतं, मेली असेल तर दुसऱ्या गाडीची वायर लावण्याला पर्याय नाही. शिवाय दोन-तीन प्रयत्नांच्या वर धक्का मारत बसू नये, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन साठतं. आणि इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात हे विसरून उतारावर कधीही नको.

एका परिस्थितीत मात्र सेल्फ नाही, धक्का नाही, काहीच करायचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. जोर लावून फिरवलंत तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघण्याचा मोह आवरणं हे त्या दिवशीचं सगळ्यात स्वस्त इन्शुरन्स.

पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर ते टोपण काढून पॉइंट घासणारं ज्ञानही गेलं. आता भारतातल्या नव्या गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ चं सॉकेट असतं, स्टिअरिंगखाली. त्यात स्कॅनर लावला की गाडी स्वतःच सांगते, उदाहरणार्थ पी०३३५, म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड. मला व्यक्तिशः हे आवडतं, एरर कोड म्हणजे आमची मातृभाषा. पण कोडसुद्धा फक्त सर्किटचं नाव सांगतो. सेन्सर मेलाय, वायर उंदराने खाल्लीय की कनेक्टर सैल झालाय, हे बघायला कोणीतरी वाकून हात काळे करावेच लागतात. नुसता कोड वाचून सेन्सर बदलणारे गॅरेजवाले आणि लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणारे आमचे लोक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. बिल मात्र गाडीवाल्याला येतं. म्हणून आवाज ओळखता येणं, लाइट मंद होतात का हे बघणं, पंपाची गुणगुण ऐकणं या गोष्टी गाडी दुरुस्त करायला शिकण्यासाठी नाही, तर समोरचा काय दुरुस्त करतोय ते समजण्यासाठी उपयोगी आहेत.

आणि इलेक्ट्रिक गाडी घेतली की हे सगळं संपलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक बातमी. क्लाराबाईंच्या लाडक्या विजेच्या गाड्या शंभर वर्षांनी परत आल्यात, इंजिन फिरवायची भानगडच नाही. पण त्या सीटखालच्या मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच आणि सगळे कॉम्प्युटर जागे करायला बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असतेच. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. धक्का मारून तर मुळीच नाही. तेव्हा टर्मिनल घासायला शिकून ठेवा, पुढची काही वर्षं ते उपयोगी पडणार आहे :-)